मोरचुदाचा एक थेंब

गेल्या मे महिन्यात हर्णैचे एक काका छोट्या टेम्पोतून एक पत्रा घेऊन आमच्या दापोलीच्या दुकानी आले. पत्रा म्हणायचं ते सवयीने. खरं तर त्याची चाळण झाली होती. काउंटरवर तो आडवा टाकून ते म्हणाले, "वहिनी, ही तुमची वस्तू. नाचणी चाळायला ठेवा."

मी बिलांची जुनी वही काढली. 12 जून 2020. निसर्ग वादळ 3 जूनला येऊन गेलेलं, अर्ध्या तालुक्याची छपरं उडालेली, लाइट नाही, त्यात टाळेबंदी. त्या पंधरवड्यात माझ्या दारात पत्र्यासाठी जी रांग लागली होती तशी पुन्हा लागू नये. गाडी आली की तासाभरात रिकामी व्हायची. नीट चौकशी करायला गिऱ्हाइकाला सवड नव्हती आणि समजावून सांगायला मला नव्हती. काकांनी एवढंच विचारलं होतं, "जीआय आहे ना?" मी म्हटलं होतं, "जीआयच आहे, काका."

खोटं बोलले नव्हते. पत्रा जीआयच होता. आणि पाच पावसाळ्यांत त्याच्या आरपार आभाळ दिसायला लागलं.

काका भांडायला आले नव्हते. नवीन पत्रे घ्यायला आले होते, जुना नुसता दाखवायला आणला होता. जाता जाता म्हणाले, "खाऱ्या वाऱ्यापुढे कोणाचं काय चालतं?" म्हणजे त्यांनीच माझी सुटका करून टाकली. किनाऱ्यावरचं काहीही गंजलं की आपण हेच म्हणतो, आणि विकणारा, बांधणारा, मापं लिहिणारा, सगळे एका वाक्यात मोकळे होतात. गेली 19 वर्षं मी हे दुकान चालवते. खाऱ्या वाऱ्याच्या नावावर किती माणसांची पापं खपतात हे माझ्याइतकं कमी लोकांना माहीत असेल, कारण त्यातलं थोडं माझंही आहे.

जीआय म्हणजे गॅल्व्हनाइज्ड आयर्न, जस्त चढवलेलं लोखंड. यातलं "किती" कोणी विचारत नाही. चहात दूध आहे का, असं विचारल्यासारखं आहे हे. चमचाभर असलं तरी आहेच. भारतीय मानक 277 मध्ये पत्र्याचे दर्जे ठरलेले आहेत: 120, 180, 220, 275 आणि त्याहूनही वरचे. हे आकडे ग्रॅमचे. एक चौरस मीटर पत्र्यावर, दोन्ही बाजू धरून, इतके ग्रॅम जस्त. बाजारात याला जीएसएम म्हणतात. जस्ताचा एक मायक्रॉनचा थर द्यायला चौरस मीटरला सात ग्रॅमच्या थोडं वर जस्त लागतं. आता हिशेब करा. 120 जीएसएमच्या पत्र्याला एका बाजूला आले 60 ग्रॅम, म्हणजे साडेआठ मायक्रॉनसुद्धा नाहीत. 275 चा घेतला तर एका बाजूला 19 मायक्रॉन. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो. काकांच्या घराचं रक्षण करायला मी 120 चा पत्रा, म्हणजे केसाचा आठवा हिस्सा दिला होता.

समुद्रालगतच्या हवेत जस्त वर्षाला साधारण 4 ते 8 मायक्रॉन झिजतं. हे माझं नाही, आंतरराष्ट्रीय मानकातले आकडे आहेत. म्हणजे काकांच्या पत्र्यावरचं जस्त पहिल्या एक-दोन वर्षांतच संपलं असणार. उरलेली वर्षं उघडं लोखंड जेवढा दम धरू शकलं तेवढा त्याने धरला. हाच पत्रा मी दापोली गावात, वर डोंगरावर विकला असता तर तो कितीतरी जास्त टिकला असता, कारण मीठ उडत उडत इथवर पोचेपर्यंत त्याचा जोर बराच ओसरतो. पत्रा तोच, पण बंदराच्या तोंडावर त्याचं आयुष्य वेगळं आणि डोंगरावर वेगळं. हे सांगणं माझं काम होतं. मी गिऱ्हाइकाचा पत्ता बिलावर लिहीत होते, पण वाचत नव्हते.

त्या चाळणीत आणखी एक गोष्ट दिसली. पत्रा वरून बरा होता आणि खालून खाल्लेला होता, तोही पागोळ्यांच्या कडेला आणि दोन पत्रे एकमेकांवर येतात त्या जोडावर. वरच्या बाजूचं मीठ प्रत्येक सर धुऊन नेते. खालच्या बाजूला वाऱ्याबरोबर मीठ बसतं, आणि त्याला धुणारा पाऊस तिथे पोचत नाही. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं आणि पत्रा आतून दिवसरात्र ओला राहतो. आपण मात्र मे महिन्यात शिडी लावून वरून बघतो आणि "यंदा काढेल" असं म्हणून खाली उतरतो.

माझ्या काउंटरवर बिलं उडू नयेत म्हणून एक वेडंवाकडं धातूचं ढेकूळ ठेवलेलं असतं. नवीन माणसाला वाटतं, खडक आहे. ते जस्त आहे. हर्णै बंदरातला एक तांडेल माझ्याकडून जस्ताच्या वड्या नेतो आणि बोटीखाली, पंख्याजवळ, सुकाणूच्या लोखंडाला बोल्टने घट्ट बसवतो. बोट वर ओढली की जुनी वडी काढून नवी लावायची. हे ढेकूळ म्हणजे त्याने काढलेली जुनी वडी. साबणाच्या वडीसारखी झिजलेली, मध्येमध्ये किडीने पोखरावी तशी भोकं पडलेली. मी विचारलं होतं, "सुकाणू कसं आहे?" तो म्हणाला, "सुकाणवाला काय झालंय? त्याच्या वाटणीचं यानं खाल्लं ना."

गॅल्व्हनायझिंग म्हणजे नेमकं हेच, फक्त वडीच्या जागी थर. लोखंड आणि जस्त एकमेकांना चिकटून ओले झाले की विरघळायची पाळी आधी जस्तावर येते. जस्त इलेक्ट्रॉन सोडतं, ते शेजारच्या लोखंडाकडे जातात, आणि जोवर ते मिळत राहतात तोवर लोखंडाला गंजता येत नाही. म्हणून जीआयवर ओरखडा पडला, लोखंड दोन-तीन मिलिमीटर उघडं पडलं, तरी लगेच तिथे तांबूस डाग येत नाही. आजूबाजूचं जस्त त्याची बाजू घेतं. रंगाचं तसं नसतं. रंग म्हणजे नुसती चादर. फाटली की फाटली, आणि पाणी त्या फटीतून आत शिरून चादरीखाली पसरत जातं.

आमच्याकडे जुनी माणसं जीआयला "कल्हईचा पत्रा" म्हणतात. ऐकायला गोड आहे, पण तिथे थोडी गल्लत होते. कल्हई कथलाची असते, आणि लोखंडावर कथील चढवलं की नातं उलटं होतं. कथलाचा मुलामा दिलेला पत्र्याचा डबा आठवा. जोवर मुलामा अखंड आहे तोवर डबा चकाचक. एकदा चरा गेला की त्या चऱ्यात लोखंड नुसत्या लोखंडाहूनही लवकर गंजतं, कारण त्या जोडीत हार मानणारं लोखंड असतं आणि कथील मजा बघतं. कथील आणि जस्त, दोन्ही पांढरे धातू, दोन्ही लोखंडावर चढतात. पण एक झाकतं, आणि दुसरं झाकतंही आणि वेळ आली की मरतंही.

बोटीवरची ही युक्ती जुनी आहे. 1824 च्या सुमाराला सर हम्फ्री डेव्ही यांनी इंग्रजांच्या आरमारासाठी ती करून पाहिली. जहाजांच्या बुडाला तांब्याचा पत्रा असायचा आणि खाऱ्या पाण्यात तो झिजायचा. डेव्हींनी त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं झिजायचं थांबलं. आणि मग गंमत झाली. विरघळणाऱ्या तांब्याचं विष इतके दिवस शेवाळ-शिंपल्यांना दूर ठेवत होतं. ते विष बंद झाल्यावर जहाजांच्या बुडाला जंगल माजलं आणि जहाजं रांगायला लागली. तुकडे काढून टाकावे लागले. उपाय इतका लागू पडला की तोच अपाय झाला. पुढे 1837 मध्ये सोरेल नावाच्या फ्रेंच माणसाने लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. नाव मात्र आलं ते बेडकाच्या तंगड्यांवर प्रयोग करणाऱ्या गॅल्व्हानीचं. आणि युरोपला जस्त नीट काढता येत नव्हतं तेव्हा राजस्थानात जावरच्या खाणींपाशी मातीच्या नळकांड्यांतून त्याची वाफ उतरवून जस्त काढलं जात होतं. तो वेगळ्याच लेखाचा विषय आहे.

हे सगळं मला दुकानात बसून कळलेलं नाही. चार वर्षांपूर्वी घराचं नवं फाटक करायचं होतं. माझे धाकटे दीर पनवेलच्या बाजूला नोकरीला आहेत. ते म्हणाले, "वहिनी, सारखं रंगवत बसण्यापेक्षा एकदाच बुडवून घ्या." मी स्वतः फाटकाबरोबर टेम्पोत बसून कारखान्यात गेले.

दारातच फाटक परत जायची वेळ आली. फोरमनने चौकोनी पाइपांवरून हात फिरवला आणि विचारलं, "भोकं कुठायत?" आमच्या वेल्डरने सगळी टोकं मोठ्या हौसेने बंद केली होती, आत पाणी जाऊ नये म्हणून. फोरमन म्हणाला, "ताई, हे असं बुडवलं तर बाँब होतो." साडेचारशे अंशांच्या जस्तात बंद पाइप बुडवला की आतली हवा फुगते. आत थेंबभर पाणी राहिलं असलं तर त्याची वाफ होऊन पाइप फुटतो आणि वितळलेलं जस्त चहूकडे उडतं. म्हणून प्रत्येक पाइपाला वर एक आणि खाली एक भोक लागतं, हवा निघायला आणि जस्त आतबाहेर व्हायला. तिथेच ड्रिल मारून घेतलं. आमच्याकडच्या दहातल्या नऊ वेल्डरना हे माहीत नसतं, कारण त्यांनी केलेलं काम कोणी बुडवायला नेतच नाही.

मग फाटकाची आंघोळ सुरू झाली. आधी कॉस्टिकमध्ये तेलकटपणा काढायचा, मग पाणी, मग अ‍ॅसिडात गंज काढायचा, पुन्हा पाणी, मग एका कोमट द्रावणात बुडवून सुकवायचं. त्या द्रावणात काय असतं विचारलं, तर जस्ताच्या क्षाराबरोबर आपला नवसागर. लहानपणी दारात येणारा कल्हईवाला तापल्या पातेल्यात जो फेकायचा आणि ज्याचा पांढरा धूर नाकात जायचा, तोच. फाटक जस्तात उतरलं तेव्हा तस्साच धूर उठला आणि मला आमच्या माहेरच्या अंगणात असल्यासारखं वाटलं. टाकीतलं जस्त वरून दुधाच्या सायीसारखं मळकट दिसतं. एका माणसाने लांब दांड्याच्या फळीने ती राख बाजूला सारली आणि खाली आरसा निघाला. फाटक त्या आरशातून हळूहळू वर आलं, तिरकं, म्हणजे जस्त निथळावं. पाचेक मिनिटांचं काम.

त्या पाच मिनिटांत जस्त लोखंडावर नुसतं बसत नाही, दोघांची मिळून नवी संयुगं होतात. थरावर थर, आतले थर तर खालच्या लोखंडाहूनही कठीण. म्हणून ते रंगासारखं पोपडे धरून सुटत नाही. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. लोखंड नीट साफ झालेलं नसेल, कुठे जुन्या रंगाचा डाग राहिला असेल, तर जस्त तिथे चढतच नाही. काळा डाग तसाच राहतो, आंधळ्यालाही दिसेल असा. रंग गंजावर बसतो, धुळीवर बसतो, ओल्या लोखंडावर बसतो, आणि बिल निघेपर्यंत छान दिसतो.

रंगाचं नाव निघालंच आहे, तर सांगून टाकते. माझ्या दुकानात एप्रिल-मे महिन्यांत सगळ्यात जास्त खपणारा रंग म्हणजे सिल्व्हर. चंदेरी अ‍ॅल्युमिनिअम पेंट. रंग म्हणून तो वाईट नाही. पण नवा लावलेला सिल्व्हर आणि नवं गॅल्व्हनायझिंग लांबून सारखंच दिसतं, आणि या दिसण्यावर आमच्या भागातली बरीच सरकारी कामं उभी आहेत.

तीन वर्षांपूर्वी इथल्या एका गावात पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, नवा साकव झाला. पलीकडच्या वाडीतली शाळेची मुलं त्यावरून येतात. कठडे लोखंडी पाइपांचे. उद्घाटनाला मीही गेले होते, नारळ-पेढे खाल्ले. फलकावर कामाचं वर्णन होतं, त्यात कठडे "गॅल्व्हनाइज्ड" असं लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि माझ्या घशात पेढा अडकला. कारण आठच दिवसांपूर्वी त्या कामाच्या ठेकेदाराने माझ्या दुकानातून काळा पाइप, म्हणजे एमएस, आणि 20 लिटर सिल्व्हर नेला होता. बिल माझ्याच वहीत. तेही उधार.

मी गप्प बसले. चांगलं गिऱ्हाईक, वर्षाचा लाखांचा माल नेतो, उगाच तोंड कशाला वाईट करायचं. दोन पावसाळ्यांत कठड्याचे पाय, जिथे पाइप काँक्रीटमध्ये शिरतात तिथे, पोपडे धरून फुगले. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, तेव्हा काँक्रीटलाही तडे गेले. गावात चर्चा झाली. निष्कर्ष ठरलेला: खारी हवा.

गेल्या श्रावणात मी एक उद्योग केला. शेजारच्या शेती-औषधांच्या दुकानातून पन्नास ग्रॅम मोरचूद आणलं. सुपारीवर फवारायला बागायतदार चुन्याबरोबर वापरतात ते निळे खडे. पाण्यात विरघळवून बाटली भरली आणि भाच्याला घेऊन साकवावर गेले. जस्ताचा थर तपासायची ही जुनी परीक्षा आहे. कारखान्यात तिची रीतसर पद्धत असते, मोजून मिनिट-मिनिटाच्या बुडव्या. माझी आपली घरगुती. आधी माझ्या फाटकावर एक थेंब टाकून पाहिला होता. जस्तावर मोरचूद पडलं की ते लगेच काळं पडतं, जस्त विरघळतं आणि द्रावणातलं तांबं काळ्या भुकटीसारखं बाहेर पडतं. मग घासलेल्या खिळ्यावर एक थेंब टाकला. तिथे लाल, नव्या पैशासारखं तांबं चढलं. आता कठडा. धड राहिलेल्या चंदेरी भागावर थेंब टाकला. निळा होता, निळाच राहिला. दोन मिनिटं थांबलो. भाचा म्हणाला, "मावशी, काहीच होत नाहीये." नखाने रंग खरवडला आणि पुन्हा टाकला. लाल.

आता माझं म्हणणं. गंजाला जबाबदार समुद्र नाही, एस्टिमेट आहे. "गंजरोधक रंगाचे दोन हात" किंवा नुसतं "गॅल्व्हनाइज्ड" हे शब्द अंदाजपत्रकात चालताच कामा नयेत. तिथे आकडा हवा. हा आकडा कोणाला शोधून काढायचा नाही, भारतीय मानक 4759 मध्ये तो छापलेला आहे: 5 मिलिमीटर किंवा जास्त जाडीच्या लोखंडाला चौरस मीटरमागे 610 ग्रॅम, तेही प्रत्येक पृष्ठभागाला, म्हणजे सुमारे 86 मायक्रॉन. त्याहून पातळ मालाला 460, आणि दोन मिलिमीटरच्या आतल्याला 340. पत्र्याच्या 120 शी याची तुलना करताना विसरू नका, तो आकडा दोन बाजू मिळून आहे.

आणि आकडा लिहिला की मोजायलाही हवा. थराची जाडी मोजायचं यंत्र तळहाताएवढं असतं. लोखंडाला टेकवलं की मायक्रॉन दाखवतं. रंगाचीही जाडी ते दाखवतं, म्हणून बरोबर मोरचुदाची बाटली ठेवावी, ती फसत नाही. पंचायत समितीला असं एक यंत्र परवडणार नाही असं मला कोणी सांगू नये. एका साकवाच्या उद्घाटनाचा मांडव त्याहून महाग पडतो. मोजमाप पुस्तकात लांबी, रुंदी, उंची लिहितातच, तिथे चौथा रकाना मायक्रॉनचा करा, आणि तो भरल्याशिवाय बिल पुढे सरकू देऊ नका.

आपल्याकडे हे होत नाही असं नाही. खेडला जाताना डोंगरावर उभे असलेले विजेचे मनोरे बघा. कोकण रेल्वेच्या विजेच्या तारांचे खांब बघा, महामार्गाच्या कडेचे पत्र्याचे कठडे बघा. राखाडी, बेरंग, कोणी त्यांच्याकडे पाहतही नाही. त्यांना दर दोन वर्षांनी कोणी रंग मारत नाही, कारण तिथे निविदेतच जस्ताचं वजन लिहिलेलं असतं आणि माल कारखान्यातून निघायच्या आधी कोणीतरी मोजलेला असतो. म्हणजे ज्ञान आहे, कारखाने आहेत, मानकं आहेत. मनोऱ्याला जे मिळतं ते शाळेच्या पोरांच्या कठड्याला का मिळू नये?

खर्चाचं म्हणाल तर तो लागतो, नाकारत नाही. गॅल्व्हनायझिंगचा दर किलोवर असतो, आणि आमच्यासारख्यांना त्याहून जड पडतं ते वाहतुकीचं भाडं, कारण कारखाना मुंबईच्या बाजूला. पण माझ्या फाटकाला चार वर्षांत रंगाचा ब्रश लागलेला नाही. शेजाऱ्यांनी त्याच वेळी केलेलं फाटक दोनदा रंगवून झालं, आणि रंग माझ्याच दुकानातला, म्हणून खर्च मला तोंडपाठ आहे.

एक सोय मात्र ठेकेदाराने स्वतःच करायची आहे: कापणं, जोडणं, भोकं पाडणं, सगळं आधी आणि बुडवणं शेवटी. आमच्याकडे जीआय पाइप आणून जागेवर कापतात आणि वेल्डिंग मारतात. जोडाभोवतीचं बोटभर जस्त जळून पांढरा धूर होतं, आणि नेमका तो जोडच उघडा राहतो. तो धूर वेल्डरच्या छातीत जातो. संध्याकाळी त्याला हिवतापासारखी थंडी वाजून ताप भरतो आणि सकाळी उतरतो. मग त्याला दूध प्यायला सांगतात. दूध पाजा, नाही म्हणत नाही, पण त्याला उघड्यावर काम द्या आणि तोंडाला चांगला मास्क द्या.

बोल्टचं तर विचारूच नका. गिऱ्हाईक दोन बोल्ट हातात घेतं, एक चकचकीत, एक राखाडी-खरबरीत, आणि चकचकीत उचलतं. चकचकीतवर विजेने चढवलेला जस्ताचा थर असतो, बहुतेक वेळा दहा मायक्रॉनच्या आतबाहेर. खरबरीत तो वितळलेल्या जस्तात बुडवलेला. मनोरा खरबरीत बोल्टवर उभा असतो. पत्र्याचंही तेच, पत्रा 275 चा घेतील आणि तो बसवायचे जे-हुक सगळ्यात स्वस्त. छप्पर पहिल्यांदा सुटतं ते हुकापाशी. मालवणात राजकोटला 26 ऑगस्ट 2024 रोजी पुतळा कोसळला. तो का कोसळला हे ठरवायला माझ्यापेक्षा जाणते लोक आहेत, मी त्यात पडत नाही. पण त्याआधी काही दिवस नट-बोल्ट गंजत असल्याचा पत्रव्यवहार झाला होता, ही बातमी वाचून मी दुकानातल्या चकचकीत बोल्टच्या खोक्याकडे बराच वेळ बघत बसले होते.

माझ्या मालाची फुशारकी मी मारणार नाही. अगदी पुळणीवर घर असेल तर 275 चा पत्राही एकटा पुरत नाही. त्यावर चांगला रंग हवा, किंवा जस्त-अ‍ॅल्युमिनिअम मिश्रणाचा पत्रा घ्यावा. निळे-लाल रंगीत पत्रे घेताना तर जास्तच विचारा, कारण रंगाखाली जस्त किती हे डोळ्यांना दिसत नाही. आणि जस्तालाही हवा लागते. हवेत राहिलं की त्यावर कार्बोनेटची साय धरते, ती त्याचं कवच. पत्रे ओले असताना एकमेकांवर दाबून ठेवले की हवा मिळत नाही आणि पांढरी भुकटी सुटते. एका जुलैत माझ्याच गोदामात चाळीस पत्र्यांचं असं वाटोळं झालं. पत्रे तिरके उभे करा, मध्ये बांबूच्या पट्ट्या घाला. आमच्या स्वतःच्या घरावर काय आहे, असं कोणी विचारलं तर मी विषय बदलते. मंगलोरी कौलं आहेत, आजेसासऱ्यांच्या वेळची.

हर्णैच्या काकांना मी या खेपेला 275 चे पत्रे दिले, आणि बिलावर "275 जीएसएम" असं लिहून सही केली. तेव्हापासून प्रत्येक पत्र्याच्या बिलावर जीएसएम लिहिते. गेल्या आठवड्यात एकाने विचारून-सवरून 120 चाच नेला. कोंबड्यांच्या खुराड्याला हवा होता. त्याला तो पुरेल.

त्या साकवाच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक आता मंजुरीला आलंय. काम त्याच ठेकेदाराला मिळेल अशी बोलवा आहे. मी सरपंचांकडे कागद मागितला, त्यांनी दाखवला. कठड्यासमोर लिहिलंय, "गंजरोधक रंगाचे दोन हात." 15 ऑगस्टला ग्रामसभा आहे. बाटली भरून ठेवली आहे, भाचा यायला तयार आहे. ठेकेदाराकडे माझी अकरा हजारांची उधारी अजून बाकी आहे.